महेशचंद्रांचें प्यादें

बुद्धिबळाच्या एखाद्या डावाचें परीक्षण साहित्यविषयक मासिकांत करावें काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस पडेल. आमचें उत्तर असें कीं, टिपून ठेवलेला डाव हा एक लहानसा ग्रंथच असतो व तो वाचतां येतो. कवितेंत एका चरणामागून दुसरा चरण काय म्हणून आला हें जसें विचारतां येतें, तसेंच पंधराव्या खेळीचें बीज तिसऱ्या खेळींत होतें काय, हेंहि विचारतां येतें. या ग्रंथाला कर्ते मात्र दोन असतात आणि ते एकमेकांचें लिहिलेलें खोडून काढण्याच्या उद्योगांत असतात. एवढी गोष्ट टीकाकारानें ध्यानांत ठेविली म्हणजे पुरे.

आम्ही ज्या डावाचा येथें विचार करणार आहों तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास झाला. पांढऱ्या बाजूस जॉन कॉक्रन नांवाचे बॅरिस्टर होते. लंडनच्या उत्तम खेळाडूंत त्यांची गणना होत असे व हॉवर्ड स्टॉन्टन यांच्यासारख्या अग्रगण्य पुरुषाशीं ते पुष्कळ डाव खेळलेले होते. काळ्या बाजूस महेशचंद्र बॅनर्जी होते. हे बंगालच्या खेड्यांतले गृहस्थ. आपल्या भागांत त्यांना हरविणारा कोणी नाहीं अशी त्यांची ख्याति कॉक्रन यांच्या कानांवर गेली आणि १८४८ सालीं दोघांची गांठ पडली. पुढें कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबानें महेशचंद्रांस पगारावर ठेवून घेतलें, आणि या जोडीमध्यें दहा-बारा वर्षें डावांमागून डाव होत राहिले. कॉक्रन यांनीं ते टिपले, इंग्लंडांत ते छापले गेले, म्हणूनच आज आपण ते वाचूं शकतों. एका पक्षाची कीर्ति दुसऱ्या पक्षाच्या वहींतून आपल्यापर्यंत यावी, हा प्रकार आपल्या इतिहासांत नवा नाहीं. येथें वहीवाला प्रामाणिक निघाला, हें भाग्य समजावें.

या डावांत महेशचंद्रांनीं काळ्या मोहऱ्यांनीं जें उत्तर दिलें तें त्या काळच्या युरोपीय जाणकारास विचित्र वाटण्यासारखें होतें. पांढऱ्यानें राजापुढील प्यादें दोन घरें पुढें करावें, काळ्यानें आपलें तसेंच दोन घरें पुढें करून त्यास अडवावें, मग पटाच्या मध्यभागाच्या चार घरांसाठीं झुंज लागावी, अशी तेव्हांची शिष्टसंमत रीत होती. या रीतीहून जें जें वेगळें तें तें सर्व इंग्रजी पुस्तकांत ‘अनियमित प्रारंभ’ अशा एका प्रकरणांत कोंबलेलें असे. आमच्या व्याकरणकारांनीं ज्या रूपांचा उलगडा होईना त्यांवर ‘अपवाद’ असा शिक्का मारून सुटका करून घ्यावी, तसाच हा प्रकार. आमच्या मतें टीकेचें खरें काम अशा शिक्क्यापाशींच सुरू होतें. अनियमित म्हणजे नियमाचा अभाव, कीं दुसऱ्या कोणत्या नियमाचें पालन, हें ठरविल्यावांचून रसग्रहणास आरंभच करतां येत नाहीं.

तर तो दुसरा नियम कोणता? आपल्याकडील जुन्या खेळांत राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा हीं मोहरीं हल्लींसारखींच. परंतु बहुतेक प्रांतांत प्याद्याला पहिल्या चालीलाहि दोन घरें जाण्याची मुभा नव्हती. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजीं राजाला, शह लागलेला नसेल तर, डावांत एकदां घोड्याप्रमाणें उडी घेतां येई. प्यादें शेवटच्या ओळींत पोंचलें म्हणजे त्याचा मन मानेल तसा वजीर होत नसे. ज्या घरांत तें पोंचलें त्या घरच्या मोहऱ्याचा अधिकार त्याला मिळे. सर्व मोहरीं गमावून राजा एकटा उरला कीं ‘बुर्ज’ झाली म्हणत, आणि प्याद्यानें मात करणें, म्हणजे प्यादेमात, ही विशेष मानाची समजत.

ही रीत अद्यापि अगदींच नष्ट झालेली नाहीं. रत्नागिरीहून समुद्राच्या कडेनें गणपतीपुळ्यास जाणारा रस्ता आरे-वारे येथें डोंगराच्या सोंडेवर चढतो, आणि एका बाजूस आऱ्याची व दुसऱ्या बाजूस वाऱ्याची चौपाटी एकदम दृष्टीस पडते. गेल्या वैशाखांत तेथें एका स्नेह्यांकडे आम्ही कांहीं दिवस राहिलों होतों. शेजारच्या घराच्या पडवींत दोन वृद्ध रोज तिसऱ्या प्रहरीं कापडी पट पसरून बसत. पटाला काळीं-पांढरीं घरें नव्हतीं, नुसत्या रेघा होत्या. आम्हीं एके दिवशीं बसून हल्लींच्या सवयीनें राजापुढचें प्यादें दोन घरें सरकविलें, तेव्हां समोरचे आजोबा हंसले आणि म्हणाले, “मास्तर, तें मागं येत नाय हो. मग एवढी घाई कशाला?” आम्हीं तें प्यादें एक घर मागें घेतलें. दोघे पहिल्या आठ-दहा चालींत एकमेकांच्या अंगास स्पर्शहि करीत नसत. प्यादीं एकेक घर वर येत, त्यांच्या आड घोडे बसत, घोड्यापुढचें प्यादें सरकवून तेथें उंट ठेवीत, आणि तो उंट तिरप्या रेषेंत लांबवर नजर लावून स्वस्थ राही. पांढऱ्या सोंगट्या कोणाच्या व काळ्या कोणाच्या, याला तेथें कांहीं महत्त्व नव्हतें. ज्या खेळांत दोन्ही पक्ष असे हळू निघतात, त्यांत पहिल्या चालीचा लाभ तो काय असणार?

रत्नागिरीच्याच संबंधानें एक गोष्ट जातां जातां सांगावीशी वाटते. १८८६ पासून १९१६ पर्यंत त्या शहरांत ब्रह्मदेशचे पदच्युत थिबा राजे राहत होते. त्यांच्या देशांतील बुद्धिबळ आपल्याहूनहि निराळें आहे: तेथें प्यादीं तेवढीं ठरल्या जागीं मांडतात आणि बाकीचीं मोहरीं त्यांच्या मागें कोठें ठेवावयाचीं हें प्रत्येक खेळाडू आपआपल्या मर्जीनें ठरवितो. अशा खेळाच्या अभ्यासकाला युरोपांतील ‘नियमित’ आणि ‘अनियमित’ हा भेद समजावून सांगणें कठीण जाईल.

प्रारंभाविषयींचें हें औदासीन्य आमच्या जुन्या ग्रंथांतहि दिसतें. मूळ पैठणचें जें भट्टघराणें काशीस जाऊन राहिलें, त्यांतील नीलकंठभट्टांनीं सतराव्या शतकांत रचलेल्या ‘नीतिमयूखां’त बुद्धिबळाचें प्रकरण आहे, घोड्यानें पटावरील प्रत्येक घरीं एकेकदां कसें जावें हें त्यांत मोठ्या हौसेनें दिलें आहे. १८१४ सालीं मुंबईस एक इंग्रजी पुस्तक छापलें गेलें. त्याचे कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृत, त्यावरून हें भाषांतर, आणि युरोपीय खेळाच्या रीतीस जुळतें करून घेतलेलें. त्यांत मुख्य भरणा आहे तो अडचणीच्या स्थितींचा: अमुक मोहरीं अमुक घरीं आहेत, इतक्या चालींत मात करा. शास्त्रीबोवांची बुद्धि डावाच्या शेवटावर खिळलेली आहे. समस्यापूर्ति करणाऱ्या पंडितांच्या परंपरेंत ही गोष्ट स्वाभाविकच होती. शेवटचा चरण दिलेला, आधींचे तीन आपण रचावयाचे. महेशचंद्र याच परंपरेंत वाढले. तेव्हां त्यांच्याजवळ प्रारंभाची पोथी नव्हती. होती ती संवय.

येथपर्यंत आलें म्हणजे एक सोपा निर्णय हातीं लागतो, आणि तो पुष्कळांनीं घेतलाहि आहे. तो असा कीं, महेशचंद्रांनीं विशेष असें कांहीं केलें नाहीं. देशी खेळांत जसें प्यादें एकेक घर चालवावयाचें, तसेंच त्यांनीं परक्या खेळांतहि चालविलें. त्यांची नवलाई ही निव्वळ जुनी खोड होय. हा निर्णय आम्हांस मान्य नाहीं, आणि तो अमान्य करण्यास त्यांचाच एक डाव पुरेसा आहे. आतां तो पाहूं.

पांढऱ्यानें राजापुढील प्यादें दोन घरें पुढें केलें. काळ्यानें वजिरापुढील प्यादें एक घर. पांढऱ्यानें वजिरापुढील प्यादें दोन घरें. काळ्यानें राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादें एक घर. मग पांढऱ्याच्या दोन्ही उंटांपुढील प्यादीं, एकामागून एक, दोन-दोन घरें पुढें आलीं. पांचवी खेळी होतांना पांढऱ्याचीं चार प्यादीं हातांत हात घालून पटाच्या मध्यरेषेपाशीं उभीं आहेत. त्यांनीं मिळून आठ घरें आक्रमिलीं. काळ्याचीं दोन प्यादीं मिळून दोन घरें चाललीं आहेत. उंट घोड्यामागच्या बिळांत बसला आहे, घोडा त्याच्यापुढें आहे, राजा किल्लेकोटांत गेला आहे. तेव्हांच्या कोणत्याहि इंग्रज प्रेक्षकानें हें पाहून काळ्याची कींव केली असती. पण हीच रचना, याच चार प्याद्यांसह, आज ‘किंग्ज इंडियन’ या नांवानें जगभर खेळली जाते आणि तिची कोणी कींव करीत नाहीं.

सहाव्या खेळीस पांढऱ्याचा दुसरा घोडा बाहेर आला व काळ्याच्या दुसऱ्या उंटानें त्याला वजिरासमोर जखडून धरलें. सातव्या खेळीस पांढऱ्यानें आपला उंट वजिरापुढें आणून ठेवला. आणि येथें महेशचंद्रांनीं राजापुढील प्यादें हातीं घेतलें आणि तें दोन घरें पुढें टाकलें.

वाचकांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें. ज्याला एक घर चालण्याची खोडच जडली आहे, तो मनुष्य असें करणार नाहीं. परक्या खेळानें दिलेली ही दुप्पट चाल त्यांना पहिल्याच खेळीस उपलब्ध होती. त्यांनीं ती वापरली नाहीं, राखून ठेविली. पांढऱ्यानें आपल्या चारहि दुप्पट चाली पहिल्या पांच खेळ्यांत खर्चून टाकल्या, चारहि प्यादीं उघड्यावर आणून उभीं केलीं, त्यानंतर काळ्यानें आपली पहिली दुप्पट चाल काढली, आणि ती बरोबर त्या चौकडीच्या मर्मावर. दहाव्या खेळीस त्यांनीं दुसरी काढली: घोड्याचा बळी देऊन पांढऱ्याचें मधलें प्यादें मारलें, आणि मारणाऱ्या घोड्यावर राजाच्या उंटापुढील प्यादें दोन घरें टाकून हल्ला केला. देशी खेळांतून त्यांनीं आणलें तें धिमेपण. परक्या खेळांतून उचलली ती झडप. दोहोंचा उपयोग कोणत्या वेळीं करावयाचा याचा विवेक मात्र त्यांचा स्वतःचा आहे, आणि प्रतिभा हा शब्द आम्हांस वापरावयाचा असेल तर तो आम्ही या विवेकाला लावूं.

या डावांत याहून एक सुंदर गोष्ट आहे, ती बहुतेक टिपणकारांच्या नजरेंतून सुटते. पहिल्या खेळीस एक घर चाललेलें तें वजिरापुढील प्यादें वाचकांस आठवत असेल. आठव्या खेळीस त्यानें मध्यभागीं पांढऱ्याचें प्यादें मारलें. अकराव्या खेळीस तें एक घर पुढें आलें आणि पांढऱ्याच्या एका उंटावर व एका घोड्यावर एकाच वेळीं रोखलें गेलें. पांढऱ्यानें तिकडे लक्ष न देतां आपला दुसरा घोडा काळ्याच्या वजिरावर नेला. बाराव्या खेळीस आमच्या प्याद्यानें घोडा मारला. पांढऱ्यानें वजीर मारला! येथें दुसरा कोणी असता तर डाव सोडून उठला असता. परंतु महेशचंद्रांचें प्यादें तेराव्या खेळीस आणखी एक घर तिरपें गेलें, तेथील प्यादें मारून थेट हत्तीच्या अंगावर आलें, आणि तें बाजूला सरतांच त्याच्या पाठीमागें सात खेळ्या दबा धरून बसलेल्या उंटाची वाट मोकळी होऊन पांढऱ्याचा वजीर त्या उंटाच्या तोंडीं सांपडला. पांढऱ्यानें हत्ती वांचविला. उंटानें वजीर घेतला. सतराव्या खेळीस हत्तीनें त्या प्याद्याचा जीव घेतला, तोंवर त्यानें एक घोडा व दोन प्यादीं घेऊन आणि एक वजीर उघडा पाडून आपलें काम पुरें केलेलें होतें. हा सर्व प्रवास त्यानें एकेक घरानें केला. ज्या राजापुढील प्याद्यानें दोन घरांची उडी मारली होती तें तर उडीनंतर लगेच पुढच्या खेळीस मारलें गेलें.

धुरळा खालीं बसल्यावर पटावर पांढऱ्याचे दोन हत्ती व दोन उंट, काळ्याचा एक हत्ती, दोन उंट व एक घोडा राहिला. प्यादीं काळ्याचीं एकानें जास्त. नुसत्या मोजदादीनें पाहिलें तर काळा पुढें आहे असें म्हणतां येत नाहीं. त्याचा तो घोडा तर सतराव्या खेळीपर्यंत जागचा हललाहि नव्हता. पुढचा भाग आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण तो उत्तम असला तरी त्यांत आश्चर्य कमी आहे: काळ्याच्या मोहऱ्यांचा मेळ चांगला होता, पांढऱ्याच्या राजाला स्वस्थता मिळाली नाहीं, आणि महेशचंद्रांनीं डाव जिंकला.

एवढें गुणवर्णन झाल्यावर दुसरी बाजू सांगणें प्राप्त आहे. आमच्यांतील कांहीं अभिमानी मंडळी असल्या गोष्टी हातीं आल्या कीं लगेच म्हणूं लागतात, ‘पहा, युरोपाला जें १९२२ सालीं सुचलें तें आमच्याकडे १८५५ सालींच होतें.’ हें विधान खोटें नाहीं. मे १८५५ मधील एका डावांत महेशचंद्रांनीं वजिरापुढील प्याद्याच्या प्रारंभाला जें उत्तर दिलें, तेंच पुढें १९२२ सालीं व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनीं प्रचारांत आणलें व त्याच वर्षीं त्याच उत्तरानें ॲलेखिनसारख्या खेळाडूचा पराभव केला. त्या बचावाला आज त्यांचेंच नांव आहे. पण अभिमानी मंडळी एक गोष्ट सांगावयाची विसरतात, ती ही कीं, १८५५ चा तो डाव महेशचंद्र हरले, आणि चमत्कारिक रीतीनें हरले. प्रारंभींची रचना त्यांनीं निर्दोष केली होती. पुढें कॉक्रन यांचा घोडा राजाच्या उंटापुढील प्यादें मारून आंत शिरला, तेव्हां महेशचंद्रांनीं राजाकडे न पाहतां आपला घोडा पटाच्या कडेला नेऊन पांढऱ्याच्या वजिरावर रोखला. आणि तीन खेळ्यांत, वजिराचा बळी देऊन, कॉक्रन यांनीं घोड्यानें मात केली. काळ्याच्या राजाला त्याच्याच हत्तीनें व प्याद्यानें कोंडून धरलें होतें.

एखादी कल्पना प्रथम कोणाच्या हातून घडली आणि तिची उपपत्ति कोणीं लावली, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पांढऱ्याला मध्यभाग खुशाल घेऊं द्यावा, त्याचीं प्यादीं पुढें येऊं द्यावीं आणि मग तीं पुढें आलेलीं प्यादीं हेंच आपलें लक्ष्य करावें, हा सिद्धांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत निम्झोविच, रेटी, टार्टाकोव्हर इत्यादिकांनीं पुस्तकें लिहून, भांडून, हरून आणि जिंकून प्रस्थापित केला. तें श्रेय त्यांचें. महेशचंद्रांनीं सिद्धांत सांगितला नाहीं. परंतु वर दिलेला डाव पाहिल्यावर तो सिद्धांत त्यांच्या हातांस ठाऊक नव्हता असें म्हणावयास आम्ही तयार नाहीं. पाणिनीच्या आधींहि लोक संस्कृत बोलतच होते.

येथें मीर सुलतानखान यांचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. पंजाबचे हे खेळाडू. देशी रीतीवर वाढलेले, मोठेपणीं युरोपीय रीत शिकलेले. १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलेले, कापाब्लांकासारख्यास हरविलेले. त्यांना ग्रँडमास्टर ही पदवी मानार्थ मिळाली ती २०२४ सालीं, मृत्यूनंतर जवळजवळ सहा दशकांनीं. त्यांच्याविषयीं लिहिणारे बहुतेक जण सांगतात कीं, डावाचा शेवट ते अप्रतिम खेळत, पण प्रारंभ कच्चा, आणि याचें कारण देशी खेळाची संवय. म्हणजे तीच संवय एकाच्या बाबतींत दोष ठरली आणि दुसऱ्याच्या बाबतींत एका मोठ्या पद्धतीची जननी ठरली. एकाच कारणापासून परस्परविरुद्ध दोन फळें काढणाऱ्या टीकेकडे आम्ही संशयानें पाहतों. संवय दोघांची एक होती. तिचें काय करावयाचें हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरविलें.

विचित्रपणाचा आणखी एक प्रकार आहे, त्याचीहि गल्लत होऊं नये. १९८० सालीं स्वीडनमध्यें स्कारा येथें इंग्लंडच्या टोनी माइल्स यांनीं त्या वेळचे जगज्जेते कार्पोव्ह यांच्या राजापुढील प्याद्याला वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादें एक घर सरकवून उत्तर दिलें, आणि डाव जिंकला. ही गोष्ट मोठ्या चवीनें सांगितली जाते, आणि सांगावीच. परंतु माइल्स यांना शिष्टसंमत रीत पुरती अवगत होती. त्यांनीं ती जाणूनबुजून बाजूस सारली, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्या पाठांतराबाहेर ओढून नेलें. ही युक्ति झाली. युक्तीचा जोर समोरच्याच्या अनपेक्षेवर असतो व दुसऱ्या खेपेस तो निम्म्यावर येतो. म्हणूनच ती चाल आजहि कौतुकाची वस्तु राहिली आहे, थोरांच्या नित्याच्या वापरांत ती आलेली नाहीं. महेशचंद्र तेंच उत्तर कॉक्रन यांना वर्षानुवर्षें देत होते. समोरच्याला तें चांगलें ठाऊक असतांनाहि तें उभें राहत होतें.

आरे-वाऱ्याहून गणपतीपुळें ओलांडून थोडें पुढें गेलें म्हणजे मालगुंड लागतें, तें केशवसुतांचें जन्मग्राम. त्यांनीं इंग्रजींतील चौदा ओळींचा घाट मराठींत आणला, त्याला ‘चतुर्दशक’ म्हटलें, पण तो ओतला मात्र आपल्या जुन्या गणवृत्तांच्या सांच्यांत. आमच्या पिढीला इंग्रजीच्या वर्गांत जें शिकविलें गेलें त्यावरून हा प्रकार आम्हांस कित्येक वर्षें अर्धवट सुधारणेसारखा वाटत असे, आणि आमच्या सहाध्यायांपैकीं कांहींना तो आजहि तसाच वाटतो. महेशचंद्रांचे डाव लावून पाहिल्यावर त्याचें स्वरूप अधिक उघड होतें. परक्यानें पहिली चाल केलेली आहे. आतां त्याचीच चाल आरशांतल्यासारखी परत करावयाची, कीं आपल्या घरच्या मापानें पाऊल टाकून त्याची चाल आपल्या कामीं लावावयाची? काळ्याला उत्तर देणें भागच असतें, पण उत्तर म्हणजे अनुकरण असें कोठें लिहिलेलें नाहीं. २०२५ च्या जुलैमध्यें बटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकला, तो निर्णायक डावहि काळ्या मोहऱ्यांनींच जिंकलेला होता.

शेवटचा मुद्दा नांवाचा. १८४८ सालीं याच महेशचंद्रांविरुद्ध कॉक्रन यांनीं एका डावांत चौथ्याच खेळीस घोडा देऊन काळ्या राजाचा आसरा मोडला. त्या प्रकाराला आज पुस्तकांतून ‘कॉक्रन गँबिट’ म्हणतात. महेशचंद्रांच्या उत्तराला १८८४ च्या सुमारास ‘इंडियन डिफेन्स’ हें नांव पडलें, तें त्यांच्याच डावांवरून. म्हणजे एकाच पटावर समोरासमोर बसलेल्या दोघांपैकीं एकाची कल्पना त्याच्या आडनांवानें चालते आणि दुसऱ्याची त्याच्या देशाच्या. पुढें निम्झोविच यांच्या नांवाला तोच देश जोडून ‘निम्झो-इंडियन’ झालें, बोगोल्यूबोव्ह यांच्या नांवाला जोडून ‘बोगो-इंडियन’ झालें. युरोपीय मनुष्याला नांव आहे. हिंदी मनुष्य हा हिंदुस्थान आहे. या तक्रारीला एक उत्तर आहे, तें न सांगणें अन्यायाचें होईल. ‘फ्रेंच’, ‘सिसिलियन’, ‘डच’, ‘स्कॉच’ हीं नांवेंहि देशांचींच आहेत, आणि स्कॉच हें तर एडिंबरोच्या क्लबानें १८२४ मध्यें सुरू केलेल्या एका पत्रसामन्यावरून पडलें. तेथेंहि कोणा एकाचें आडनांव नाहीं. तेव्हां यांत केवळ वर्णाभिमान पाहणें बरोबर नव्हे. परंतु त्या ठिकाणीं व्यक्ति एकच आणि ठाऊक असलेली अशी नव्हती. येथें ती होती, तिचे डाव छापलेले होते, आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याला तिच्याच विरुद्ध खेळलेल्या चालीबद्दल आडनांवाचा मान मिळालेला होता.

जगाच्या पुस्तकांतील नांवें आम्हांस बदलतां येणार नाहींत, व तशी खटपटहि कोणी करूं नये. पण मराठींत बुद्धिबळावर लिहिणारे लेखक ‘इंडियन डिफेन्स’ याचें ‘भारतीय बचाव’ असें भाषांतर करून स्वस्थ बसतात, तेव्हां जो मनुष्य इंग्रजी नांवाच्या आड निदान अर्धा तरी दिसत होता तो मराठींत पुरता नाहींसा होतो. आमची सूचना अशी कीं, राजापुढील प्याद्याच्या प्रारंभाला वजिरापुढील व घोड्यापुढील प्यादीं एकेक घर सरकवून, घोड्यापुढील त्या प्याद्याच्या मूळ घरांत उंट बसविण्याचें जें उत्तर, त्याला आपल्या पुस्तकांतून ‘महेशचंद्रांचा बचाव’ असें म्हणावें. १९२२ च्या बचावाला मात्र ग्रुनफेल्ड यांचेंच नांव राहूं द्यावें. तो डाव महेशचंद्र हरले होते.